बोट चुकलेला माणूस

मी फिरणारा माणूस नाही. नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात माझी सगळी नोकरी गेली. केसाएवढा फरक पकडायचा आणि माल परत पाठवायचा, हाच धंदा, त्यामुळे घरातही माझ्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नाही. असा मी सत्त्याण्णव सालच्या पितृपक्षात चार दिवस कोकणात जाऊन आलो, तेही घरी खोटं सांगून. 'कारखान्याच्या कामानं मुंबईला जातो' असं मी मोठ्या आईला सांगितलं होतं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मूळची मनमाडची, पण माझ्या नोकरीबरोबर सातपूरला आली आणि आमच्याकडेच राहिली. तिचा नवरा, माझा रंगनाथकाका, मी पाहिलेला नाही. तो मनमाडला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचा, फायरमन. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, बोटींना अशा माणसांची फार गरज पडली, तेव्हा हा मुंबईला जाऊन बोटीच्या इंजिनखान्यात आगवाला म्हणून लागला. बोट मालाची होती, लढाऊ नव्हे. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तो परत आला नाही.

आमच्या घरात या गोष्टीचं एक ठरलेलं वाक्य होतं, 'काकाची बोट चुकली.' म्हणजे कुठल्याशा परक्या बंदरात तो उतरला, बोट सुटली, हा मागे राहिला. मग तिथेच रमला असेल, दुसरा संसार केला असेल. मनमाडमध्ये लोक मोठ्या आईला तोंडावर म्हणायचे, बोट चुकली का बायको चुकवली? तिनं कुंकू कधी पुसलं नाही. पण ते रागानं लावायची. आपला नवरा जिवंत असून येत नाही हे जगाला दिसू दे, असा तो राग होता. त्याचं नाव ती घेत नसे. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव मानापोटी घेत नसत, हिनं संतापापोटी टाकलं होतं. आदल्या वर्षी छातीत दुखलं म्हणून तिला दवाखान्यात नेलं. नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, "आजी, मालक आहेत की नाहीत?"

"पळालेला हाय. तसं लिही," मोठी आई म्हणाली.

त्याच वर्षी वडील गेले. त्यांच्या ट्रंकेत, आजोबांच्या रेल्वेच्या कोटाखाली, बोटीच्या कंपनीचं एक इंग्रजी पत्र सापडलं. चार ओळींचं. त्यात बोटीचं नाव होतं, काकाच्या नावापुढे 'मिसिंग' असा शब्द होता आणि पुढची माहिती आल्यास कळवू, एवढंच.

मी ते पत्र हातात घेऊन ट्रंकेवरच बसलो. आजोबा मनमाडला पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. त्यांचं इंग्रजी सगळं फलाटावरचं. गाडी मिस झाली म्हणजे चुकली, मग मिसिंग म्हणजे दुसरं काय? बोट मिस झाली पोराची! रेल्वेच्या माणसाला दुसरा अर्थ सुचणारच नाही. घरात इंग्रजी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. पुढे पत्र आलं नाही, किंवा आलं असेल तर तोवर आजोबांची भुसावळला बदली झाली होती. आणि त्या एका शब्दावर एक बाई पंचावन्न वर्षं नवऱ्याला शिव्या घालत बसली.

पण मी तपासणीवाला. 'मिसिंग' म्हणजे मेला, असंही नाही. बेपत्ता माणूस खरंच कुठेतरी राहिलेला असू शकतो. मुंबईला बंदराजवळ खलाशांच्या एका जुन्या इमारतीत लढाईत बुडालेल्यांच्या नावांच्या पाट्या आहेत असं कळलं, तिथे जाऊन आलो. त्या बोटीच्या यादीत एक रंगनाथ होता. पुढे बापाचं नाव नाही, गाव नाही. तिथला कारकून म्हणाला, "या बोटीवरचा एक म्हातारा आहे, बाणकोटच्या खाडीकडचा. दरवर्षी येतो, या यादीवर बोट ठेवून उभा राहतो आणि जातो. बोलत नाही कुणाशी." त्यानं पत्ता दिला.

आमच्याकडे हत्यारानं किंवा अपघातानं गेलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, घातचतुर्दशीला करतात. ती मंगळवारी होती. मी शनिवारी निघालो. डॉक्टरांनी मोठ्या आईच्या हृदयाबद्दल फार आशा दिली नव्हती आणि पुढचा पितृपक्ष ती बघेल याची मला खात्री नव्हती. काका बुडाला असेल तर तिला ते कळायला हवं होतं. पण तो खरंच बंदरात राहिला असेल तर? मग तिची प्रत्येक शिवी खरी ठरणार होती, आणि ते मीच खणून काढलेलं असणार होतं. तरी मी एसटीत बसलो. मोठ्या आईनं बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मांडीवर होती.

खाडी

महाडपर्यंतचा रस्ता मी सांगत नाही. पावसानं खड्डे पडले होते आणि माझ्या शेजारच्या बाईंना गाडी लागत होती, एवढ्यात सगळं आलं. रविवारी सकाळी खाडीवर पोचलो. म्हाताऱ्याचं गाव पलीकडे. गावाचं नाव मी देत नाही, त्यानंच नको म्हटलं होतं.

नाशिकच्या माणसाला पाण्याची एकच चाल माहीत. गोदावरीला पूर येवो की ती आटो, जाते एकाच दिशेला. इथे होडीत बसलो तेव्हा पाणी काठाला लागलेलं होतं, आणि निम्म्या वाटेवर ते आमच्या खालून निघूनच गेलं. होडीचा तळ खरखरला आणि ती चिखलात बसली. होडीत मी, दोन मासेविक्या बाया आणि होडीवाला.

"आता?" मी विचारलं.

"आता भरती येल तवा," होडीवाला म्हणाला आणि त्यानं विडी काढली.

"किती वेळ?"

"चार तास धरा."

"मागे नाही नेता येणार?"

"पाणीच नाय तर नेऊ कशात, साहेब?"

बाया हसल्या. मला हसू येईना. सगळीकडे करडा चिखल, त्यात तुरूतुरू पळणारे खेकडे, आणि माझा अर्धा दिवस वाया. होडीवाल्यानं मग मला समजावून सांगितलं की भरती-ओहोटी रोज पाऊण तास उशिरा येते, आज सकाळी सुटायला आपल्यालाच वेळ झाला. पाण्यालाही वेळापत्रक आहे आणि ते रोज पाऊण तास लेट आहे, हे ऐकून आजोबांना बरं वाटलं असतं. मासेवालीनं मला एक शहाळं दिलं. मी भाकरी पुढे केली तर म्हणाली, "बाजरी? ती तर औषधाला खातात!" आमच्याकडे तांदूळ सणाला करतात हे मी सांगितलं, ते तिला खोटं वाटलं.

त्या चार तासांत एक गोष्ट मात्र मला पुरती कळली. चहूकडे पाणी असताना माणसाच्या हातात काहीच नसतं. मला पोहता येत नाही. काकालाही येत नव्हतं. मनमाडला प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे पोहणार कुठे? होडीची कड घट्ट धरून बसलो होतो, तीही चिखलात रुतलेल्या होडीची.

इस्माईलचाचा

घर नारळांत होतं, जांभ्या दगडाचं, स्वच्छ. ज्यांच्यासाठी आलो ते इस्माईलचाचा ओट्यावर जाळं विणत बसले होते. पंचाहत्तरीचे, बारीक, डोक्यावर पांढरी टोपी. मी नाव, गाव सांगितलं. बोटीचं नाव सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मी नव्हतो त्या बोटीवर," ते म्हणाले.

"मुंबईच्या कारकुनानं..."

"तो खुळा हाय."

"रंगनाथ नावाचा आगवाला होता. मनमाडचा."

"आगवाले तीस असतात बोटीवर. काळेभोर. कोण कुठला ते अल्लाला ठावं. जा तुम्ही, भरती हाय तोवर सुटाल."

मी उठलो नाही. खरं तर मला राग आला होता. चार तास चिखलात बसून आलेल्या माणसाला कुणी असं हाकलतं का? त्यांची सून बाहेर आली आणि सासऱ्यांकडे न बघता मला म्हणाली, "पाऊस येतोय. आजचा दिवस राहा. जेवल्याबिगर आमच्याकडून कुणी जात नाय." जेवणात बांगड्याचं कालवण होतं. आमचा पितृपक्ष, म्हणजे मासे नाहीत, हे मी चाचरत सांगितलं. तिनं जराही कपाळाला आठी न घालता माझ्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी वेगळी टाकली. चाचा जेवून परत जाळ्याशी गेले. पाऊस पत्र्यावर वाजत राहिला आणि मी मनात दिवस मोजत राहिलो. उद्या दुपारच्या भरतीला निघालो नाही, तर मंगळवार हुकणार.

सोमवारी सकाळी चहाबरोबर मी माझं फडकं सोडलं. भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. मी एक मोडली, तसे चाचा जाळं टाकून जवळ आले. त्यांनी तुकडा उचलला आणि नाकाशी नेला.

"बाजरी," ते म्हणाले. "भात समोर आला की शिव्या घालायचा. म्हणायचा, इस्माईल, हे काय पक्ष्यांचं खाणं! एकदा बाजरी खा माझ्या घरची, पुढच्या फेरीत आणतो."

मी दुसरी भाकरी मोडत राहिलो. बोललो असतो तर ते परत गप्प झाले असते, अशी मला भीती वाटली.

"ही कुणी केली?"

"त्याच्या बायकोनं."

चाचांनी तुकडा फडक्यावर परत ठेवला. फार हलक्या हातानं.

"ती हाय?"

"आहे. माझ्याकडेच असते."

"मग ही मला चालायची नाय. आधी ऐक."

ते मला 'तुम्ही' म्हणत होते ते 'तू' म्हणायला लागले, आणि मला बरं वाटलं.

शिडी

ते म्हणाले ते असं. बोट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात होती. तिथून ती थेट मुंबईला यायची होती, पण लढाईचे दिवस, कधी सुटणार ते कुणाला सांगत नसत. त्या दुपारी अचानक हुकूम आला. चढायचा जिना वर घेतला, दोर सोडले. आणि धक्क्यावरून एक माणूस धावत येताना दिसला.

"रंगा होता. घरी पत्र टाकायला गेला होता. लढाईत पत्रं उघडून वाचायचे, मोठी रांग असायची. मी खलाशी, वर कठड्याजवळ उभा. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणाला, राहू दे, चुकली त्याची बोट. दुसरी मिळेल."

त्यांनी घोटभर चहा घेतला. कप बशीवर वाजला.

"मला वाटलं, दोस्त मागं राहतोय. परक्या मुलखात. मी दोराची शिडी होती ती फेकली बाजूनं. सारंगनं शिवी दिली. बोट धक्क्यापासून दोन हात सुटली होती. रंग्यानं उडी टाकली, शिडी धरली, वर आला. दात काढून हसत होता. म्हणाला, मनमाडचा हाय मी, आपली गाडी चुकत नाय."

"मग?"

"तीन दिवसांनी टार्पेडो लागला. नेमका इंजिनखान्यात. त्याची पाळी चालू होती. त्या पाळीतला एकही वर आला नाय. मी वर होतो. सहा दिवस होडीत काढले." चाचा आता माझ्याकडे बघत होते. "समजलं तुला? त्याची बोट चुकली होती. खरीच चुकली होती. मी चुकू दिली नाय."

सून दारात उभी होती. तिलाही हे आजच कळत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. आजोबांनी एक शब्द चुकीचा वाचला होता, आणि तो एका उडीच्या फरकानं खरा ठरायचा राहिला होता. धंद्यात मी असा बारीक फरक कधी पकडला नव्हता.

"तिला सांग," चाचा म्हणाले. "सगळं सांग. शिडीचं पण. अर्धं सांगू नको. ती काय म्हणेल ते मला कळव. शिवी दिली तर शिवी कळव."

"तिचं हृदय नाजूक आहे, चाचा."

"माझं पण हाय," ते म्हणाले.

मी शब्द दिला. देताना वाटलं, देऊ नये. उरलेल्या भाकऱ्या मी सुनेच्या हातात ठेवल्या. दुपारी चाचांनी मला स्वतः धक्क्यापर्यंत सोडलं. होडीत चढताना माझा पाय घसरला, तशी त्यांनी दंडाला धरून मला वर घेतलं, आणि लगेच हात सोडून ते घराकडे वळले.

नाशिक

येतानाच्या प्रवासातलं मला फक्त एक आठवतं: मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि दर वेळी शिडी गाळत होतो. काका बुडाला, घरी येताना बुडाला, एवढं पुरे आहे की! शिडीनं कुणाचं काय भलं होणार? पण मग चाचांचा तो फडक्यावर परत ठेवलेला तुकडा दिसायचा.

मंगळवारी सकाळी घरी पोचलो. मोठी आई ओट्यावर झेंडूची माळ ओवत होती. माझ्या बायकोच्या माहेरचा फुलांचा मळा आहे, पितृपक्षातही त्यांची फुलं यायची थांबत नाहीत.

"झालं का कामकाज?" ती म्हणाली. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि पत्र काढलं. आजोबांनी काय वाचलं आणि खरं काय होतं, ते सांगितलं. बोट बुडाली ते सांगितलं. तिची सुई फुलात तशीच राहिली.

"म्हंजी ऱ्हायला नव्हता तो तिकडं?"

"नाही. बोटीवर होता."

"कुठं चालली व्हती बोट?"

"मुंबईला."

"म्हंजी घरी." तिनं सुई फुलातून काढली. "आन मी त्याला काय काय बोलले रे! दिवा लावताना बोलले, जेवताना बोलले."

इथे थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. धक्का, पत्राची रांग, धावणं, शिडी, उडी, हसू, सगळं सांगितलं. सांगताना मी तिच्या छातीकडे बघत होतो, श्वास कसा चाललाय ते. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"शिडी टाकली नसती तर?" मोठ्या आईनं विचारलं.

"तर तिथेच राहिला असता. बोट चुकली असती."

"मंग आला असता?"

"पुढच्या बोटीनं आला असता."

तिनं माळ बाजूला ठेवली. "पंचावन वर्सं म्हनत ऱ्हायले, का चुकवली, का चुकवली. चुकवायची व्हती रे त्यानं. चुकवायची व्हती." आणि मग ती रडली. तिला रडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुपारी रामकुंडावर गेलो. गर्दी होती, गुरुजी घाईत होते. पिंड मी दिले. पाण्यात सोडताना मोठी आई पायरीवर बसून वाकून बघत होती, पाणी कुठे जातं ते. शेजारच्या दोन बायकांनी आपसांत सुरू केलं, की आता हिनं कुंकू उतरवायला पाहिजे. मोठ्या आईनं ऐकलं.

"इतकी वर्सं रागानं लावलं," ती त्यांना म्हणाली. "आता जरा नीट लावू द्या मला."

घरी आल्यावर तिनं मला कार्ड आणायला लावलं. "त्या म्हाताऱ्याला लिही."

मी पेन उघडलं. चाचांनी सांगितलं होतं, शिवी दिली तर शिवी कळव.

"आदी सांग, माझी भाकरी खाल्ली का त्यांनी?"

"नाही. हातात घेतली आणि ठेवली. म्हणाले, मला चालायची नाही."

"हां. मंग लिही. शिडी तुमी टाकली, पन चढला तो. त्याला घरी यायचं व्हतं. तुमी नसती टाकली तर पान्यात उडी घातली असती येड्यानं, पवता येत नसताना. तुमचा दोष नाय." ती थांबली. मी लिहीपर्यंत थांबली. "भाकरी ठेवली ते मातर बरं नाय केलं. शिळी व्हती, म्हनून माफ. नासिकला या, ताजी घालते."

कार्डावर जागा संपत आली होती. कोपऱ्यात दोन बोटं राहिली होती.

"खाली नाव काय टाकू?" मी विचारलं. "तुझं टाकू की माझं?"

तिनं पदर सारखा केला. ओठ दोनदा हलले, आवाज तिसऱ्यांदा आला.

"लिही," ती म्हणाली, "रंगनाथ फायरमनची बायको, मनमाड."